कोणतं बटण कोणत्या बर्नरचं?

दोन बर्नरच्या शेगडीवर कुणी गोंधळत नाही. डावं बटण डाव्या बर्नरचं, उजवं उजव्याचं. चार बर्नर आले की दोन पुढे, दोन मागे आणि बटणं मात्र एका ओळीत. मग डावीकडचं पहिलं बटण पुढच्या बर्नरचं की मागच्याचं, हे नुसतं पाहून कळत नाही. भलताच बर्नर पेटतो तेव्हा चूक माणसाची नसते, मांडणीची असते. १९५९ साली अमेरिकेत चापानिस आणि लिंडेनबाउम या संशोधकांनी चार मांडण्या लोकांकडून तपासून घेतल्या. एकीत मागचे बर्नर थोडे बाजूला सरकवून चारही बर्नर बटणांच्याच क्रमाने आणले होते. तिच्यात एकही चूक झाली नाही. उरलेल्या तिन्हींत झाल्या.

सवयीने जमतं, असं म्हणतात. रोजच्या हाताला जमतंही. पण घरी आलेल्या मावशीचं काय? बटणाशेजारी ठिपक्यांची खूण असते, हेही खरं. मात्र दूध उतू जात असताना ती निरखायला सवड कुणाला असते? शिवाय रोजच्या घासण्यापुसण्यात ती फिकी होते. शेगडी घेताना दुकानातच खुणा न वाचता बर्नर ओळखता येतात का, ते जरूर पाहा.