मंद आच आणि पोसोले

मेक्सिको देशात सणासमारंभाच्या दिवशी आवडीने रांधल्या जाणाऱ्या एका पदार्थास पोसोले म्हणतात. मक्याचे फुललेले दाणे आणि डुकराचे मांस यांचा हा रस्सा होय. त्यातील मका व मिरची मूळची त्याच भूमीतील. डुक्कर मात्र सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तेथे नेले. पूर्वी हा रस्सा मातीच्या हंड्यात लाकडांच्या आचेवर तासन्‌तास शिजत असे. आता पुष्कळ घरांत हे काम विजेच्या स्लो कुकरकडे सोपविले जाते. सकाळी झाकण लावावे व सायंकाळी उघडावे, इतके ते सोपे दिसते. या अवधीत झाकणाखाली काय घडते आणि कोणत्या चुकीने अपाय संभवतो, ते आपण पाहू.

या साधनाचे पेटंट आयर्विंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकास १९४० साली मिळाले. पुढे १९७१ मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आले आणि घरोघर पोहोचले. त्याची रचना साधी आहे. जाड, झिलईदार मातीचे भांडे आणि त्याच्या भोवतालच्या कवचात तापणारी विजेची तार, एवढेच काय ते. झाकणाला लागलेली वाफ थेंबांच्या रूपाने पुन्हा रश्श्यात उतरते. म्हणून पाणी फारसे आटत नाही. बहुतेक यंत्रांत ‘मंद’ व ‘जलद’ या दोन्ही खुणांवर रस्सा अखेरीस उकळबिंदूच्या जवळपास जातो. तेथवर पोहोचण्यास लागणारा वेळ हाच दोहोंतील मुख्य भेद होय.

पोसोल्यासाठी जनावराच्या खांद्याचे मांस घेतात. खांद्याचे स्नायू सदैव राबत असल्यामुळे त्यांत कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे जाळे पुष्कळ असते. असे मांस तव्यावर झटपट भाजले, तर त्यातील पाणी निघून जाते आणि चिवटपणा तेवढा शिल्लक राहतो. परंतु सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या वर ओल्या उष्णतेत ते कित्येक तास ठेवले, म्हणजे कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन बनते. तंतूंना बांधणारा दुवाच नाहीसा झाल्याने मांस चमच्यानेही सुटते, आणि रश्श्यास दाटपणा येतो. हे परिवर्तन घाईने होत नाही.

सुरक्षिततेचा हिशेब मात्र निराळा आहे. अपायकारक जंतू साधारणतः ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. म्हणून ही पायरी रश्श्याने लवकर ओलांडणे अगत्याचे असते. गोठलेले मांस तसेच भांड्यात टाकले, तर ते या टप्प्यात फार काळ रेंगाळते; यास्तव ते आधी शीतकपाटात पूर्णपणे वितळवून घ्यावे. भांडे अर्ध्यापेक्षा अधिक, पण दोन तृतीयांशाहून कमी भरावे. झाकण वारंवार उघडू नये, कारण प्रत्येक वेळी साठलेली उष्णता निसटते.

डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या पुटी असण्याचा संभव असतो. असे मांस कच्चे राहिल्यास खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून दूषित अन्न, पाणी वा हात यांच्याद्वारे पोटात गेली, तर पुटी मेंदूतही होतात आणि अपस्माराचे झटके येऊ शकतात. मेक्सिकोप्रमाणे भारतातही हा रोग आढळतो. पूर्ण शिजलेल्या रश्श्यात या पुटी जिवंत राहत नाहीत.

आता मक्याकडे वळू. पोसोल्याचा मका चुन्याच्या पाण्यात उकळून घेतात. त्यामुळे दाण्याची टरफले सुटतात आणि पुढे शिजताना दाणा फुलासारखा उमलतो. याचा आणखी एक लाभ आहे. मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या स्थितीत असते. चुन्याच्या संस्काराने ते मोकळे होऊन शरीरास मिळते. मका युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही; म्हणून केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला.

शेवटी एक इशारा द्यावयास हवा. अशा रश्श्यांत कोणी राजमाही घालतात. कच्च्या राजम्यातील एका विषारी प्रथिनाने तीव्र वांत्या व जुलाब होतात, आणि ८० अंशांच्या आसपासच्या अपुऱ्या आचेने ते नष्ट होत नाही. आपल्याकडील प्रेशर कुकरात तापमान १०० अंशांच्या वर जात असल्याने हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. स्लो कुकर वापरणाऱ्याने मात्र राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, आणि ताज्या पाण्यात तो अर्धा तास खळखळा उकळल्यावरच भांड्यात घालावा.

मांसाचा मऊपणा काळाने साधतो; निर्धोकपणा तापमानाने. यांपैकी एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे सायंकाळी झाकण निःशंक मनाने उघडता येईल.