डब्यावरचे वॅट आणि दारातला आवाज

जळगावात किंवा धुळ्यात कार डेकोरच्या दुकानात जाऊन “गाडीत आवाज जमत नाही” एवढंच म्हणा, उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: “मागे ओव्हल टाकून घ्या भाऊ.” लग्नसराईतल्या अहिराणी गाण्यांवर वाढलेल्या माणसाला ठेका छातीत जाणवायला हवा असतो, म्हणून हा सल्ला लगेच पटतो. कंपनीचे मागचे स्पीकर काढून दुसरे बसवणं हे घरच्या घरी, सावलीत गाडी लावून होण्यासारखं काम आहे. अडचण हत्यारांची नसते. ऐकीव समजुतींची असते.

त्यातली सगळ्यात महागडी समजूत म्हणजे सुधारणा मागून सुरू करायची. चालवणारा आणि शेजारी बसलेला माणूस गाणं ऐकतात ते मुख्यतः पुढच्या दारांतून. मागचे स्पीकर मागच्या सीटवरच्यांसाठी आणि थोडा भराव म्हणून असतात. पैसे एकाच जोडीपुरते असतील तर ती जोडी पुढे बसवा. मागच्यांना हात लावायचा तो कोन फाटला असेल, आई-वडील किंवा मुलं कायम मागे बसत असतील, किंवा गाडी खालच्या मॉडेलची असून मागे स्पीकरच दिले नसतील तेव्हा. या शेवटच्या प्रकारात काही गाड्यांमध्ये कंपनीची वायर आणि कपलर दारात नुसते लोंबकळत असतात, काहींत काहीच नसतं. पॅनेल उघडून हे आधी बघा, मग खरेदीला जा.

आता वॅट. डेकवर “50 गुणिले 4” छापलेलं असतं आणि स्पीकरच्या डब्यावर त्याहून मोठा आकडा. इंजिन चालू असताना गाडीची वीज साधारण 14.4 व्होल्ट. एवढ्या विजेवर 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाज देताना डेकमधल्या आयसीला हिशेबाने फार तर 26 वॅट काढता येतात, आणि आतली गळती धरली तर 20च्या आसपास. मग 50 कुठून आले? आवाज पूर्ण पिळून, लाटेची टोकं कापली जाऊन ती चौकोनी झाली की त्याच विजेवर 52 वॅटपर्यंत आकडा निघतो. तो आकडा खरा आहे, पण त्या आवाजात गाणं ऐकवत नाही. खात्री करायची तर डेकच्या मागचा फ्यूज वाचा. बऱ्याच डेकना तो 10 अँपिअरचा असतो. 14.4 गुणिले 10 म्हणजे 144 वॅट आत जाणार, आणि त्यातून सतत 200 बाहेर यायचे?

म्हणून डब्यावर “मॅक्स” किंवा “पीक” शेजारचा आकडा सोडा आणि “आरएमएस” शेजारचा बघा. त्याहून महत्त्वाची ओळ संवेदनशीलतेची, जी सहसा कुणी वाचत नाही: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. 87 डेसिबलच्या स्पीकरला जेवढी ताकद लागते, तेवढ्याच आवाजासाठी 90च्या स्पीकरला तिच्या निम्मी पुरते. कंपनीच्या डेकवर चालवायचं असेल तर हाच आकडा कामाचा. नुसते स्पीकर बदलले म्हणून बॅटरी उतरते, ही भीतीही याच हिशेबाने जाते. 4 ओहमच्या जागी 4 ओहम बसवले तर डेक पूर्वीइतकीच वीज ओढतो. दोन ओहमचे स्वस्तात मिळाले म्हणून जोडू नका, त्यात विद्युतप्रवाह दुप्पट होतो आणि डेकची आयसी तापते.

“लोहचुंबक जड तर स्पीकर भारी” हेही खरं नाही. फेराइटचा चुंबक मोठा असतो, निओडिमियमचा तेवढ्याच ताकदीला लहान. उलट मोठ्या चुंबकाचा मागच्या दारात त्रासच होतो. साडेसहा इंची स्पीकर भोकात बसतो, स्क्रूही लागतात, आणि काच खाली केली की ती चुंबकावर आपटते. स्पीकर बसवण्याआधी काच पूर्ण खाली करून भोकापासून काचेपर्यंत पट्टीने खोली मोजा. जागा कमी पडत असेल तर खाली रिंग लागते. ती प्लॅस्टिकची घ्या. एमडीएफची पावसाळ्यात फुगते.

कारण दार आतून कोरडं नसतं, आणि हे फार जणांना माहीत नसतं. काचेच्या रबरातून पाणी आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जातं, दाराची रचनाच तशी आहे. पॅनेल काढल्यावर दिसणारा, काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा त्याच पाण्यासाठी असतो. तो फाडून फेकला की जुलैत मागचा गालिचा ओला होतो आणि लोक दाराचं रबर बदलत बसतात. पडदा अलगद सोडवा, पुन्हा त्याच गोंदावर दाबा. आवाज दाबायची शीट लावणार असाल तर ब्यूटाइलची घ्या. गच्चीची गळती बंद करायला मिळते ती डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण जळगावच्या 45 अंशांच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या दारात ती वितळून खाली सरकते, वास मारते आणि पाणी जायची भोकं बुजवते.

पॅनेल निघायला अवघड नाही. एक स्क्रू आतल्या हँडलमागे, एखाददुसरा हात टेकायच्या जागेखाली, बाकी क्लिपा. पेचकसाने उचकू नका, प्लॅस्टिकची पट्टी वापरा. मागच्या काचेला फिरवायचं हँडल असेल तर त्यामागे नालेच्या आकाराची स्प्रिंग असते. हँडल आणि पॅनेलच्या फटीत सुती फडकं घालून दोन्ही टोकं धरा आणि मागेपुढे घासा, स्प्रिंग सुटून उडते. कुठे पडते त्यावर लक्ष ठेवा. काही गाड्यांत स्पीकर स्क्रूऐवजी रिव्हेटने बसवलेला असतो. ड्रिल करताना निघणारा लोखंडी चुरा नव्या स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा.

“मायनस बॉडीला दिली तरी चालते” ही सवय जुन्या वायरमनांची आहे आणि आजच्या डेकसाठी घातक आहे. आताच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मी, सहा-सात व्होल्ट वीज असते. त्यातली एकही गाडीच्या बॉडीला लागली तर आयसी जाऊ शकते. वायर न कापता कपलर ते कपलर जोडणारी वायर घ्या. कापलेल्या वायरिंगमुळे झालेला बिघाड कंपनी वॉरंटीत धरत नाही. प्लस-मायनसची शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला आहे तेच स्पीकरचं प्लस. एक बाजू उलटी जोडली तर काही जळत नाही, पण बेस पातळ होतो आणि माणूस स्पीकरला नावं ठेवतो. बेस पळवणारं दुसरं कारण म्हणजे स्पीकरच्या कडेची फट. कोनच्या पुढची आणि मागची हवा तिथून एकमेकींना भेटली की खालचे सूर मरतात. कडेला फोमची पट्टी लावली की बरंच काम होतं.

राहिला तो ओव्हल. सेडानमध्ये मागचा ट्रे पत्र्याचा असतो आणि खाली डिकी बंद असते, तिथे 6 गुणिले 9 इंची स्पीकर खरोखर शोभतो. हॅचबॅकचा ट्रे मात्र पुठ्ठ्यासारख्या दाबलेल्या फळीचा, दोन खुंट्यांवर टेकलेला. त्यात भोकं पाडून बसवलेले स्पीकर आधी ट्रेलाच खडखडवतात. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना महामार्गावर जोरात ब्रेक लागला, तर दीड-दोन किलोचा स्पीकर ट्रेसकट मागच्या माणसाच्या डोक्याकडे येऊ शकतो. दुकानदार हे सांगत नाही. विचारलं तर हसतो.

आरटीओची परवानगी लागते का, असंही लोक विचारतात. लागत नाही, कारण नोंदणीच्या कागदावर स्पीकरचा तपशीलच नसतो. आवाजाला मात्र नियम आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे. आणि विमा: गाडीच्या मूळ किमतीत न धरलेलं विजेवर चालणारं साहित्य पॉलिसीत वेगळं दाखवावं लागतं. मोटर टॅरिफप्रमाणे त्यासाठी जादा हप्ता त्या साहित्याच्या किमतीच्या 4 टक्के. पाच हजारांच्या जोडीला वर्षाला दोनशे रुपये, अधिक कर.