पावारोत्तींच्या 'त्या' व्हिडिओत काठी हलवणारा माणूस मुंबईचा आहे!

'नेसुन डोर्मा' हे गाणं एखाद्या रीलवर तुमच्या कानावर पडलंच असेल. त्याचा गाजलेला व्हिडिओ आहे ७ जुलै १९९० चा. फुटबॉल वर्ल्ड कप फायनलची आदली रात्र, रोममधले काराकालाचे जुने अवशेष आणि पावारोत्ती, डोमिंगो, कारेरास हे तीन गायक. ऑर्केस्ट्रासमोर काठी घेऊन उभे आहेत झुबीन मेहता. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १९३६.

आता तुम्ही म्हणाल, नुसती काठी तर हलवायची, त्यात एवढं काय?

ऑपेरा म्हणजे साधारण आपलं संगीत नाटक, फक्त बहुतेक सगळे संवादही गाऊनच. आपल्याकडे गायक नटाने तान लांबवली की ऑर्गन आणि तबला त्याच्यामागे जातात. दोघंतिघं असतात, जमून जातं. ऑपेरात मात्र रंगमंचापुढच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक बसलेले असतात. गायक कुठे श्वास घेणार, हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दिसतही नाही. दोघांनाही दिसणारा माणूस एकच, कंडक्टर. दौंडकरांना हे लगेच कळेल. जंक्शनच्या केबिनमधला माणूस एकही इंजिन चालवत नाही, पण त्याच्या सिग्नलशिवाय ना मनमाडची गाडी हलते ना सोलापूरची.

झुबीन यांना हे घरातूनच मिळालं. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुलाने डॉक्टर व्हावं म्हणून सेंट झेवियर्समध्ये घातलं, पण ते काही टिकलं नाही. १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, झुबीन थेट व्हिएन्नाला गेले.

तिथला एक किस्सा भारी आहे. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला मिळाव्यात म्हणून झुबीन आणि त्यांचा वर्गमित्र क्लाउडिओ अबादो चक्क कोरसमध्ये गायला लागले! पुढे अबादोही जगप्रसिद्ध कंडक्टर झाले.

१९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली आणि गाडी सुटली. १९६३ मध्ये माँट्रियलला 'तोस्का' हा पहिला ऑपेरा, १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये 'आयदा'. फ्लॉरेन्सला तीन दशकं, १९९८ ते २००६ म्युनिकचं बव्हेरियन स्टेट ऑपेरा. वाग्नरची चार रात्री चालणारी, जवळपास पंधरा तासांची 'रिंग' मालिकाही त्यांनी केली.

पण त्यांचा खरा ऑपेरा 'तुरांदोत', असं मला वाटतं. 'नेसुन डोर्मा' त्यातलंच. १९७२ मध्ये पावारोत्तींसोबत त्यांनी त्याचं रेकॉर्डिंग केलं, ते आजही ऐकलं जातं. आणि १९९८ मध्ये कहरच. गोष्ट बीजिंगमध्ये घडते, म्हणून ऑपेराच बीजिंगला नेला, तिथल्या राजवाड्याशेजारच्या जुन्या मंदिरासमोर. दिग्दर्शक होते चिनी सिनेमावाले झांग यिमू.

मुंबईत राहून यातलं काय जमलं असतं? इथलं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ चं, पण पुढे तिथे सिनेमेच लागले. १९९३ मध्ये ते बंद पडलं, उघडलं थेट २०१६ मध्ये. एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला, तोवर मेहता सत्तरीचे झाले होते.

एवढी वर्षं परदेशात काढूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडलं नाही. मुंबईत यायचे ते बहुतेक परदेशी ऑर्केस्ट्रा घेऊन. एनसीपीएच्या ऑर्केस्ट्रासमोर ते पहिल्यांदा उभे राहिले ऑगस्ट २०२३ मध्ये. वय होतं ८७.