हौदातला गप्पी नर काय शिकतो?

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गावातल्या हौदात, पडीक विहिरीत गप्पी मासे सोडतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. छोटा, रंगीत तो नर. मोठी, मळकट रंगाची ती मादी. मादीपुढं नर अंग वाकवून थरथरतो. ही त्याची मनधरणी.

मनधरणी त्याला उपजत येते. पण ती कुणापुढं करायची, हे शिकावं लागतं. गप्पीच्या मूळ मुलखात, त्रिनिदाद बेटावर, त्याच्यासारखाच दुसऱ्या जातीचा मासा आहे. नवखा नर दोन्ही जातींच्या माद्यांमागं लागतो. काही दिवस त्यांच्यात राहिला, की आपली मादी ओळखू लागतो. ॲन मॅगुरान आणि इंदर रामनारीन या शास्त्रज्ञांनी 2004 साली हे दाखवून दिलं.

गोरामी नावाचा मासा तर तापट. आपल्या जागेत आलेल्या मादीलाही चावतो. कॅरन हॉलिस यांनी रोज आधी दिवा लावला, मग मादी दाखवली. पुढं दिव्याची खूण मिळालेले नर कमी चावले, बुडबुड्यांचं घरटं बांधू लागले. त्यांना पिल्लंही जास्त झाली. बादली वाजली की म्हैस पान्हा सोडते ना? तसंच हे. खूण कळली, की अंग तयार होतं.

तेव्हा बायांनो, हौद धुताना गप्पी फेकू नका. नर-मादी दोन्ही बादलीत काढून ठेवा, म्हणजे अळ्या खाणारी पुढची पिढी हौदातच जन्मेल. मात्र नदी-ओढ्यात सोडू नका. हा परका मासा आपल्या माशांच्या मुळावर येतो.