रस्त्याची कड नाहीशी होते तेव्हा

सायकल आणि शहर : लेखांक ९

बडोद्यात बर्फ पडत नाही. तरीही देवदिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत इथले रस्ते अरुंद होत जातात, आणि होतात ते कडेकडून. म्हणजे नेमके सायकलवाल्याच्या बाजूने. मॉन्ट्रियल, बॉस्टन, मिनियापोलिसला गेलेल्या आपल्या मुलामुलींना तिथे हेच भोगावं लागतं, फक्त कारण वेगळं. बर्फ हटवणारं यंत्र रस्ता मधून साफ करतं आणि सगळा ढीग कडेला लोटतं. सायकलची पट्टी त्या ढिगाखाली गडप होते. ढिगामुळे मोटारी कडेपासून हातभर अलीकडे उभ्या राहतात आणि दोन गाड्यांच्या रस्त्यावर जेमतेम दीड गाडीची जागा उरते. मॉन्ट्रियलमध्ये हा ढीग उचलून नेण्याआधी भोंगा वाजवून उभ्या गाड्या हलवायला लावतात. बॉस्टनमध्ये स्वतः फावडं मारून मोकळी केलेली जागा दुसऱ्याने बळकावू नये म्हणून लोक तिथे मोडकी खुर्ची ठेवून जातात. ही युक्ती रावपुऱ्यातल्या दुकानदाराला शिकवायला बॉस्टनहून कुणी यायला नको. खुर्ची, दगड आणि तेलाचा रिकामा डबा, तिन्ही त्याच्याकडे बारा महिने तयार असतात.

आपल्याकडे कड खाणाऱ्या गोष्टींचं वेळापत्रक पंचांगातून ठरतं. कार्तिकी पौर्णिमेला नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, मांडवीतून तुळशीवाडीकडे निघतो आणि त्याच सुमारास लग्नांचे वरघोडे रस्त्यावर येतात. पावसाळा संपल्यामुळे ड्रेनेज, गॅस आणि केबलची खोदकामंही याच दिवसांत निघतात. चर खणतात तो डाव्या कडेने, बुजवतात घाईत, आणि महिन्याभरात तो वीतभर खाली बसतो. डिसेंबरच्या मध्यावर कमुरतं, म्हणजे लग्नाला वर्ज्य असलेला महिना, लागलं की बँडवाले महिनाभर गप्प होतात. त्यांची जागा मांजावाले घेतात. उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण झाली, की पुन्हा लग्नं. मंगळबाजारचे पथारीवाले, उंधियूच्या दिवसांतले वाढीव स्टॉल आणि दुकानापुढच्या अ‍ॅक्टिवांची रांग यांना ऋतू लागत नाही.

या सगळ्यात सायकलवाला काय करतो? तो आणखी कडेला सरकतो. लहानपणापासून घरच्यांनी हेच सांगितलेलं असतं : कडेकडेने जा. रस्ता रुंद असेल तर सल्ला बरोबर आहे. अरुंद रस्त्यावर तोच सल्ला अंगाशी येतो, आणि का ते हिशेब मांडला की कळतं.

समजा, सात मीटर रुंदीचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या आहेत. एकेक मोटार पावणेदोन मीटर रुंद. कडेपासून सोडलेलं अंतर धरून दोन मीटर. म्हणजे मधे उरले तीन मीटर. सायकलचं हँडल साठ सेंटीमीटरच्या आसपास असतं, पण सायकल रुळावरून जात नाही, ती डुलत जाते. तेव्हा तिला एक मीटर लागतो असं धरा. आता तुम्ही डाव्या मोटारींना चिकटून निघालात तर उजवीकडे दोन मीटर मोकळे दिसतात. मागच्या रिक्षाची रुंदी साधारण एक मीटर तीस सेंटीमीटर. रिक्षावाल्याच्या डोळ्यांना ते बसतंय असं वाटतं आणि तो घुसतो. पलीकडच्या मोटारींना घासू नये म्हणून तो त्यांच्यापासून अंतर राखतो, ते अंतर तुमच्या वाट्यातून जातं, आणि त्याचा हूड तुमच्या कोपराला वीत-दीड वीत सोडून निघतो. त्याच क्षणी डावीकडच्या मोटारीचं दार उघडलं तर? उघडलेलं दार मीटरभर बाहेर येतं. तुमच्याकडे डावीकडे मीटर नाही आणि उजवीकडेही नाही.

हेच तुम्ही मधोमध असता तर दोन्ही बाजूंना एकेक मीटर राहिला असता. दार उघडलं तरी धक्का लागला नसता आणि रिक्षावाल्याला घुसायची इच्छाच झाली नसती, कारण जागा नाही हे त्याला लांबूनच दिसलं असतं. कडेला दबून चालणारा सायकलवाला मागच्याला जागा देत नाही, जागा असल्याचा भास देतो. हिवाळ्यातल्या रस्त्यावर सायकल चालवण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

इंग्लंडमध्ये तर हे आता अधिकृत पुस्तकात आहे. तिथल्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ मध्ये झालेल्या बदलांत स्पष्ट लिहिलं आहे की शांत रस्त्यावर, संथ रहदारीत आणि जिथे रस्ता अरुंद होतो तिथे सायकलस्वाराने आपल्या मार्गिकेच्या मध्यभागी राहावं. आणि मोटारीने ओलांडताना त्याच्यापासून किमान दीड मीटर अंतर ठेवावं. जर्मनीतही गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर असं अंतर ठरवून दिलेलं आहे. आपल्याकडे दीड मीटर मागितला तर लोक हसतील. पण मधोमध राहण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मात्र ते करण्याची रीत आहे. लहरीपुऱ्याकडून मांडवीकडे जाताना पुढे हातगाडी दिसली, की बहुतेक जण तिच्या अगदी पाठीशी जाऊन मग झटकन उजवीकडे वळतात. यासारखं धोक्याचं दुसरं काही नाही. हातगाडी वीस-पंचवीस पावलांवर असतानाच मान वळवून मागे बघायचं, उजवा हात आडवा करायचा आणि सावकाश मधे यायचं. मागच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडला तर उत्तम. दोन हातगाड्यांच्या मधे दहा पावलांची मोकळी जागा आली म्हणून आत शिरायचं नाही; शिरलात की पुन्हा बाहेर यावं लागतं, आणि प्रत्येक बाहेर येणं म्हणजे नवीन जोखीम. सरळ रेषा धरायची. सलग चांगली जागा आली, की मात्र कडेला होऊन मागच्यांना जाऊ द्यायचं. मधोमध राहणं हा हट्ट नाही, अडचणीच्या तेवढ्या तुकड्यापुरती गोष्ट आहे.

मागून हॉर्न वाजेल. वाजू द्या. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. भीती न वाजवणाऱ्याची बाळगावी.

काही ठिकाणी मात्र मधोमध राहणंही चालत नाही, तिथे उतरावं. वरघोडा हे त्यातलं पहिलं ठिकाण. पुढे बँड, मग नाचणारे, मग घोडा आणि शेवटी जनरेटर. दोन्ही बाजूंनी दिवे धरलेली माणसं चालत असतात आणि त्या दिव्यांना जोडणारी वायर एका माणसाकडून दुसऱ्याकडे लोंबत, जनरेटरपर्यंत गेलेली असते. ती नेमकी रस्त्याच्या कडेने जाते, म्हणजे सायकलवाला जिथून बाजू काढून निसटायला बघतो तिथूनच. काळी वायर, काळं डांबर आणि समोरून डोळ्यांत जाणारा दिव्यांचा झोत. पुढचं चाक तीत अडकलं तर सायकल थांबते, तुम्ही थांबत नाही. शिवाय घोडा. त्याला फटाक्यांची सवय असेल, पण मागून गुपचूप येणाऱ्या सायकलची असेलच असं नाही. सायकलवाल्याजवळ एक सोय आहे जी मोटारवाल्याकडे नाही : उतरला की तो पादचारी होतो. ती वापरायला लाजू नये.

आता मांजा. डिसेंबर सरत आला की गेंडीगेटच्या पतंगबाजारात पाय ठेवायला जागा नसते, आणि शहरभर फुटपाथच्या कडेने खुंट रोवले जातात. दोन टोकांना दोन खुंट, मधे पांढऱ्या सुती दोऱ्याचे शेजारी शेजारी कितीतरी पदर ताणलेले. रंगवणारा माणूस हातात लुगदीचा गोळा घेतो. गोळ्यात भाताची खळ, रंग आणि काचेची पूड. बोटं चिरू नयेत म्हणून त्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. गोळ्यात दोरे धरून तो या खुंटापासून त्या खुंटापर्यंत चालत जातो आणि परत येतो. दोरा गुलाबी होतो, वाळतो, मग चरख्यावरून फिरकीत जातो. या कामासाठी उत्तर प्रदेशातून कारागीर कुटुंबांसह येतात आणि महिनाभर त्याच फुटपाथवर राहतात. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. आपल्याच फिरक्या ते भरत असतात. पण फुटपाथ त्यांचा झाला की पादचारी रस्त्यावर उतरतात, गिऱ्हाइकांच्या अ‍ॅक्टिवा पादचाऱ्यांच्या पलीकडे लागतात आणि रस्त्याची कड आणखी दीड-दोन मीटर आत येते. महापालिकेने या महिन्यापुरती मैदानं नेमून दिली तर कारागिराला धूळ कमी आणि सायकलवाल्याला जागा जास्त मिळेल. शहराने ठरवलं तर जमतं. फिनलंडमधल्या ओउलू शहरात, जिथे २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, सायकलचे रस्ते बर्फातही वापरात राहतात, कारण ते आधी साफ करायचे असं शहराने ठरवून टाकलं आहे. थंडी तिथे आपल्यापेक्षा जरा जास्तच असते.

ताणलेल्या दोऱ्याला सायकल घासली तर दोरा तुटतो आणि चार शिव्या मिळतात. खरा धोका १४ आणि १५ जानेवारीचा. कापलेला पतंग वाहत जातो आणि त्याची दोरी मागे लोंबते. तिचं एक टोक कडुलिंबात किंवा विजेच्या तारेत अडकतं, दुसरं कुणीतरी गच्चीवरून ओढत असतं, आणि क्षणभर ती दोरी रस्त्यावर गळ्याच्या उंचीला आडवी ताणली जाते. सुती मांजा निदान तुटतो. नायलॉनचा, ज्याला सगळे चायनीज म्हणतात, तो तुटत नाही. म्हणून तो कापत जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तरीही दरवर्षी तो विकला जातो आणि दरवर्षी पकडलाही जातो.

इथे सायकलवाल्याची बाजू थोडी बळकट आहे. ताशी पंधरा किलोमीटरने तुम्ही सेकंदाला चार मीटर जाता. चाळीसने जाणारा स्कूटरवाला अकरा मीटर जातो. दोरी चार-पाच मीटरांवर दिसली तर तुम्हाला ब्रेक दाबायला वेळ आहे, त्याला नाही. या दोन दिवसांत पंधराच्याही खाली राहावं. गळ्याभोवती जाड सुती कपडा घट्ट गुंडाळावा, पण टोकं आत खोचूनच. लोंबणारं मफलर चाकात गेलं तर मांजाची गरज उरत नाही. स्कूटरला लावतात तशी लोखंडी कमान सायकलच्या हँडललाही बसते. डोक्याच्या वरपर्यंत येईल एवढी उंच घ्यावी, बुटकी कमान दोरीला थेट गळ्याची वाट दाखवते. दोरी अंगाला लागलीच तर हाताने ओढायची नाही आणि वळायचं नाही. जागच्या जागी थांबून खाली वाकायचं. जखम झाली तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं आणि १०८ ला फोन करायचा.

उड्डाणपूल त्या दोन दिवसांत टाळावेच. गेंडा सर्कलपासून मनीषा चौकडीपर्यंतचा अटल ब्रिज साडेतीन किलोमीटरचा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना गच्च्या आहेत. पुलावर तुम्ही त्या गच्च्यांच्या जवळपास उंचीवर असता, म्हणजे दोरी जिथे सर्वांत जास्त असते तिथे. सुरतेत पोलीस या दिवशी उड्डाणपुलांवर दुचाकींना मनाई करतात ते याचमुळे. खालचा रस्ता घ्या. तिथे दुसरी एक गोष्ट सांभाळावी लागते : बांबूला काटेरी फांदी बांधून कटलेल्या पतंगामागे धावणारी मुलं. त्यांची नजर आभाळात असते. गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजवत जावं, आणि घंटीवर भरवसा न ठेवता ब्रेकवर बोटं ठेवावीत.

वासी उत्तरायण झाली म्हणून कमान लगेच काढू नये. झाडांत आणि तारांवर अडकलेला मांजा पुढे कितीतरी दिवस वाऱ्याने सुटून खाली येत राहतो. रस्त्यावर पडलेला चाकात जातो आणि मागच्या चाकाच्या हबभोवती, फ्रीव्हीलच्या आत गुंडाळला जातो. पायडल जड वाटायला लागलं तर आधी तिथे बघावं. सायकल आडवी पाडून, छोट्या कात्रीने तुकडे करत काढायचा; ओढून काढलात तर बोट कापेल आणि मांजा आत आणखी घट्ट बसेल. निघालेले तुकडे खिशात टाकून घरच्या कचऱ्यात. रस्त्याच्या कडेला फेकले तर ते दुसऱ्याच्या चाकात, नाहीतर कबुतराच्या पायात जातात.

जानेवारीच्या मध्याला बडोद्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सात-वीसच्या आसपास उगवतो. शाळेला जाणाऱ्या आणि कामावरून परतणाऱ्या बऱ्याच सायकली या दिवसांत अंधारातच चालतात, आणि मधोमध चालणारा सायकलवाला दिसला नाही तर वरचा सगळा हिशेब फुकट. दिवे, रिफ्लेक्टर आणि डायनॅमो यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.