मोठ्या माशाला मोठे आमिष

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बास मासा पकडण्यासाठी वीतभर लांबीचा कृत्रिम मासा गळाला लावतात. एवढे मोठे आमिष कशासाठी?

1959 मध्ये सॅन डिएगोच्या तलावांत फ्लोरिडातील बास सोडण्यात आले. त्या भागातील तलावांत थंडीच्या दिवसांत ट्राउट मासेही सोडतात. थोराड बासला ही मेजवानीच! अनेक लहान माशांमागे धावण्यापेक्षा एक ट्राउट गिळण्यात त्याची शक्ती वाचते. मात्र बास भक्ष्य अख्खे गिळतो. त्यामुळे आमिषाची लांबी चालते, जाडी जबड्यात मावावी लागते.

आमिष निवडताना तीन गोष्टी पाहतात. पहिली, रूप : तलावातील नेहमीच्या भक्ष्यासारखे. दुसरी, हालचाल : सांधेदार शरीर वळवळले की पाण्यात कंपने उठतात, बासला ती अंगावरील पार्श्वरेषेमुळे गढूळ पाण्यातही जाणवतात. तिसरी, घनता : पाण्याहून कमी असल्यास आमिष तरंगते, जास्त असल्यास बुडते. मासे ज्या खोलीवर असतील त्याप्रमाणे ती ठरवावी.

जपानमधील बिवा सरोवरात 2009 मध्ये 10.12 किलोग्रॅम वजनाचा बास सापडला, तो जिवंत ब्लूगिल माशाच्या आमिषाने. तेथे ट्राउटसारखे निमुळते नव्हे, ब्लूगिलसारखे पसरट आमिष निवडणे योग्य, हे आता तुम्हीच सांगू शकाल!