एक निगेटिव्ह, अनेक आकाशे
१९४१च्या नोव्हेंबरात न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाजवळ अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांना चंद्रोदय दिसला. दफनभूमीतील क्रुसांवरून ऊन सरत होते. लाइटमीटर सापडेना, चंद्राची दीप्ती पाठ असल्याने त्यांनी हिशेब मनातच केला. दुसऱ्या निगेटिव्हच्या तयारीपर्यंत ऊन गेलेच.

मात्र त्या एकुलत्या निगेटिव्हचा खालचा भाग पातळ होता. त्यामुळे प्रतीत गाव काळोखात बुडे. १९४८मध्ये त्यांनी तो रसायनाने दाट केला. तरीही प्रत्येक प्रत काढताना कुठे प्रकाश अडवायचा, कुठे वाढवायचा, हे हातांनाच सांभाळावे लागे. आरंभीच्या प्रतींतले ढगाळ आकाश पुढे काळेभोर झाले. पियानोच्या तालमीत वाढलेले अ‍ॅडम्स निगेटिव्हला स्वरलिपी आणि प्रतीला वादन मानत. क्षण एकदाच लाभला. वादन डार्करूममध्ये दशकानुदशके चालले.